पक्षिनिरीक्षणाच्या ग्रुपवर टोमणे का वाढतात, आणि अ‍ॅडमिनने काय करावं

प्रश्न (थोडक्यात): आमच्या तालुक्याच्या गावात पक्षिनिरीक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुरुवातीला तीसेक जण होतो, आता चारशेच्या वर आहोत. पूर्वी फोटो टाकला की दोन-तीन जाणकार ओळख सांगायचे, ती कशावरून हेही सांगायचे. आता नवख्याने काही विचारलं की टोमणे बसतात, घरट्याच्या एका फोटोवरून आठवडाभर भांडण चालतं, जुनी जाणकार मंडळी गप्प झाली आहेत. शिवीगाळ कोणी करत नाही, त्यामुळे काढायचं तरी कोणाला? अ‍ॅडमिन म्हणून मी काय करू? ग्रुप बंद करून नवा काढू का? आणि कोणी भलतंसलतं टाकलं तर मी अडकेन का?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: जुनी जाणकार मंडळी गप्प झाली आहेत. बहुतेक अ‍ॅडमिन भांडणाकडे बघतात, कोण कोणाला काय म्हणालं याचे स्क्रीनशॉट जमवतात, आणि गप्प झालेल्यांकडे त्यांचं लक्षच जात नाही. मी नाशिक भागातला असाच एक ग्रुप बरीच वर्षं सांभाळतो, त्याआधी ई-मेलवर चालणाऱ्या पक्षिग्रुपांवरही होतो. छंदाच्या ग्रुपवरचं बोलणं बिघडतं ते उत्तर देणाऱ्यांचा धीर संपल्यावर, असं माझं ठाम मत झालं आहे. खोचक बोलणारे त्यानंतर येतात, जागा रिकामी दिसली म्हणून येतात.

कसं ते एका फोटोवरून सांगतो. वाळक्या झाडाच्या शेंड्यावर मोठा शिकारी पक्षी बसलाय, फोटो उजेडाच्या विरुद्ध काढलेला, खाली एवढंच: ‘हा कोणता गरुड?’ गाव नाही, तारीख नाही. जाणकाराला दिसतं की हा मधुबाज आहे, म्हणजे हनी बझर्ड. या पक्ष्याचे रंग इतके बदलतात की जवळजवळ पांढऱ्यापासून गडद चॉकलेटीपर्यंत कसाही सापडतो, म्हणून तो सगळ्यांनाच चकवतो. पहिल्यांदा विचारलं जातं तेव्हा जाणकार हौसेने लिहितो: डोकं बघा, अंगाच्या मानाने लहान, कबुतरासारखं. मान लांब. डोळ्यांवर गरुडाची ती रागीट भुवई नाही. आणि पाय बघा, नडगी उघडी आहे. चेंजेबल हॉक ईगल असता तर पायांवर पार बोटांपर्यंत पिसं दिसली असती. वाचणाऱ्या तीसही जणांना काहीतरी मिळतं.

असाच फोटो दहाव्यांदा आला की उत्तर येतं, ‘मधुबाज.’ आणखी काही महिन्यांनी, ‘मधुबाज. ग्रुपवर आधी शोधत चला.’ मग एक दिवस, ‘परत तेच!’ माणूस तोच, त्याचा स्वभावही तोच. मात्र ‘परत तेच’ हे पाच-सहा जण वाचतात ज्यांना नडगी आणि भुवई अजून नीट कळलेली नसते, पण इथे कसं बोलायचं ते पटकन कळतं. पुढच्या नवख्याला उत्तर देतात ते हे लोक. त्यांच्याकडे जाणकाराचं ज्ञान नसतं, सूर मात्र अगदी बरहुकूम उचललेला असतो. जाणकाराने हे बघितलं की त्याला स्वतःचीच लाज वाटते, तो लिहिणं सोडतो. तुमचा ग्रुप आत्ता इथे आहे.

यात नवं काही नाही. १९८० साली सुरू झालेल्या यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या चर्चागटांच्या जाळ्यावर, छंदांसाठी ‘रेक’ नावाची वेगळी शाखाच होती, आणि तिच्यात पक्षिनिरीक्षणाचाही गट होता. अमेरिकेतल्या विद्यापीठांत दर सप्टेंबरात नवी मुलं यायची, त्यांना पहिल्यांदाच हे दालन खुलं व्हायचं आणि काही आठवडे नुसता गोंधळ चालायचा. जुने लोक रीत समजावून सांगायचे. मुलं शिकायची, नाहीतर कंटाळून निघून जायची. १९९३-९४ मध्ये एओएलसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी घरोघरच्या ग्राहकांना तिथे वाट करून दिली आणि नवख्यांचा ओघ बारमाही झाला. यूजनेटवरचे जुनेजाणते त्याला न संपणारा सप्टेंबर म्हणतात. आलेले लोक वाईट नव्हते. रीत सांगणाऱ्यांना मधे उसंत मिळेनाशी झाली, एवढाच फरक.

आपल्याकडेही तेच झालं, जरा उशिरा. झफर फतेहअली यांनी १९६०च्या सुमारास पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटंसं इंग्रजी नियतकालिक सुरू केलं होतं, सुरुवातीला सायक्लोस्टाईल करून वाटलेलं. तशा नियतकालिकात कोणाची नोंद पटली नाही तर पत्र लिहायचं आणि ते छापून यायची वाट बघायची. मधे संपादक, मधे टपाल, मधे काही आठवडे. रात्री अकराला आलेला राग सकाळपर्यंत टिकला तरच कागदावर उतरायचा. मग याहू ग्रुप्स आले. तिथेही ई-मेल लिहायला बसावं लागायचं आणि निदान दोन परिच्छेद व्हायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पुरतो. २०१५ मध्ये निकॉनचा पी-९०० आला, ८३ पट झूमचा, आणि मोठी लेन्स न घेता लांबचा पक्षी टिपता येऊ लागला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि फोटो पाठवण्याचा खर्च जवळपास संपला. ग्रुपची मर्यादा २५६ होती, ती २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. तुमचा ग्रुप चारशेवर गेला तो याच काळात गेला असणार. यातली एकेक गोष्ट चांगलीच आहे. मी स्वतः या लाटेचा भोक्ता आहे. पण सगळ्यांची गोळाबेरीज अशी झाली की विचारणं जवळपास फुकट झालं आणि नीट उत्तर देणं पूर्वीइतकंच कष्टाचं राहिलं.

लोक म्हणतात, पडद्याआड असलं की माणूस काहीही बोलतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये या मोकाटपणाची कारणं मांडली होती, त्यात निनावीपणा वरच्या क्रमाला आहे. आपल्या ग्रुपना ते लागू होत नाही. तुमच्या ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर दिसतो, निम्मे लोक एकमेकांना बाजारात भेटत असतील. त्याच यादीतली दुसरी दोन कारणं मात्र चपखल बसतात: समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि ज्येष्ठ कोण, नवखा कोण हे पडद्यावर कळत नाही. चाळीस वर्षं रानात फिरलेले काका आणि परवा दुर्बीण घेतलेला मुलगा दोघांचे मेसेज एकाच मापाचे दिसतात. पाणवठ्यावर हा घोटाळा होत नाही. कोणाची दुर्बीण किती घासलेली आहे ते दिसतं.

आता टोमण्यांकडे येऊ, कारण ‘शिवीगाळ कोणी करत नाही’ हे तुम्ही लिहिलंय आणि तेच खरं दुखणं आहे. मराठी माणूस ग्रुपवर शिवी क्वचित देतो. तो आदर वाढवतो. भांडण जसं तापतं तसं ‘तुम्ही’चं ‘आपण’ होतं, ‘दादा’चं ‘साहेब’ होतं. ‘आपला अभ्यास दांडगा दिसतो.’ ‘आम्ही आपले अडाणी, आपण मार्गदर्शन करावं.’ ‘कॅमेरा छान आहे, पक्षी ओळखणारं बटणही असेल त्यात.’ (हे शेवटचं मी एका ज्येष्ठाच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलंय, आणि कबूल करतो, हसू आलं होतं.) ‘अपशब्द वापरू नयेत’ हा नियम अशा वाक्यांना लागू पडत नाही. लिहिणारा हात झटकून म्हणतो, मी तर आदरानेच बोललो.

म्हणून भाषेचा नियम करू नका, उत्तराचा करा. आमच्याकडे तो असा आहे: चूक दाखवायची असेल तर फोटोतलं किमान एक लक्षण सांगायचं. सांगता येत नसेल तर गप्प बसायचं. ‘हा शिक्रा नाही’ (शिक्रा म्हणजे छोटा शिकारी पक्षी) चालणार नाही. ‘शिक्रा नसावा, शेपटीवरचे पट्टे बघा’ चालेल. या एका अटीने बरेचसे टोमणे आपोआप गळतात, कारण टोमणा मारणाऱ्यांपैकी बहुतेकांना लक्षण सांगता येत नाही. ज्यांना येतं ते लक्षण लिहिता लिहिता निवळतात. टोमण्यासकट लक्षण आलं तर मी ते चालवून घेतो. एवढं मीठ हवंच.

मर्लिनवरून होणारी भांडणं याच जातीची. आवाज ऐकून पक्षी ओळखणारी सोय त्या अ‍ॅपमध्ये २०२१ मध्ये आली आणि आता आपल्याकडच्या पुष्कळ पक्ष्यांसाठी ती बरी चालते. नवखा लिहितो, ‘सकाळपासून अंगणात शिक्रा ओरडतोय, मर्लिनने दाखवलं.’ लगेच उत्तर: ‘मर्लिन बंद करा, पुस्तक उघडा.’ आता यात शिकवण्याजोगं केवढं आहे बघा. आपला साधा काळा कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. त्या आवाजाने साळुंक्या दचकून घास टाकून पळतात आणि तो कोतवालाला मिळतो. अ‍ॅप फसलं असेल तर ते साळुंकीसारखंच फसलं. ‘आवाज येतो तिथे तारेवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी दिसतोय का बघा’ एवढं लिहिलं तर तो मुलगा बाहेर जाऊन बघेल, आणि बहुधा जन्मभर विसरणार नाही. तो खरंच शिक्रा असेल तर शिक्रा बघेल.

घरट्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर जरा थांबतो.

पावसाच्या तोंडावर स्वर्गीय नर्तकाचं घरटं कोणाला तरी सापडतं. बारीक फांदीवर, बऱ्याचदा माणसाच्या डोक्याच्या जरा वर. फोटो येतो: नर बसलाय, पांढरी लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबतेय, मागे स्वच्छ हिरवं. जाणत्याच्या नजरेला ते ‘स्वच्छ’ खुपतं. अशा घरट्याभोवती पानं असतात. फोटोत ती नाहीत, म्हणजे कोणीतरी छाटली. पानं गेली की ऊन लागतं आणि कावळ्याला वाट दिसते. राग येणं रास्त आहे. शिवाय हा केवळ शिष्टाचाराचा मामला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. नियम सरळ हवा: घरट्याचा फोटो ग्रुपवर नाही, कोणाचाही नाही, कितीही सुंदर असो.

पण नियम मोडल्यावर काय होतं तिथे बहुतेक ग्रुप घसरतात. फोटो तसाच राहतो आणि खाली पंचायत बसते. आठवडाभर चारशे जण बघतात, पंधरा जण बोलतात, फोटोवाला आधी खुलासे देतो, मग जुन्या कोणाचे तरी दहा वर्षांपूर्वीचे घरट्याचे फोटो उकरून काढतो, आणि मग पक्ष्याचा विषयच उरत नाही. याचा शेवट मी पुष्कळदा एकाच पद्धतीने झालेला पाहिला आहे. तो माणूस जातो, आपल्यासारख्याच पाच-सात जणांचा वेगळा ग्रुप काढतो, आणि तिथे घरट्यांची ठिकाणं खुशाल फिरतात, कारण तिथे ‘अरे, हे करू नको’ म्हणणारा कोणी नसतो. चारचौघांत अपमान करून आपण एक फोटो थांबवला आणि घरटी मात्र आणखी उघडी पाडली.

व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ पासून अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली आहे. ती वापरा, दिसताक्षणी. ग्रुपवर एकच ओळ: ‘घरट्याचा फोटो होता, काढला आहे.’ नाव नाही. मग त्या माणसाला फोन करा. मेसेज नको, फोनच. निम्म्या लोकांना खरंच ठाऊक नसतं. त्यांना पानं का असतात हे सांगितलं की ते चपापतात. उरलेल्यांना कळतं की इथे कोणी बघतंय. फोननंतरही पुन्हा केलं तर काढून टाका, आणि त्याचीही दवंडी पिटू नका.

ठिकाण सांगायचं की नाही यावरचे वाद त्यामानाने सोपे आहेत. घुबडं, दुर्मीळ शिकारी पक्षी यांची ठिकाणं जुने लोक लपवतात आणि नव्यांना ती मक्तेदारी वाटते. कारण एकदा शांतपणे लिहून वर पिन करून ठेवा. ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं जागतिक संकेतस्थळसुद्धा निवडक संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण लोकांना दाखवत नाही, हे त्यात लिहा. म्हणजे हा तुमच्या गावातल्या चार काकांचा कट नाही हे कळेल.

इथे उलट बाजूने एक इशारा देतो, नाहीतर माझं म्हणणं ‘सगळ्यांनी गोड बोलावं’ असं वाटेल. अति आदरानेही ग्रुप मरतो. ‘सर म्हणाले म्हणजे झालं’ हा आपला जुना रोग. आपल्याच खानदेशातली रानपिंगळ्याची, म्हणजे एका दुर्मीळ छोट्या घुबडाची, गोष्ट आठवा. या पिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ मधला. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या बड्या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळवल्याचा दावा केला होता, आणि नाव मोठं असल्याने सगळे तो खरा धरून चालत आले. पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी नमुनाच तपासला, आणि तो दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरून, सजवून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मग भरवशाच्या जुन्या नोंदींच्या मुलखात शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. कोणीतरी ‘हे मला पटत नाही’ म्हटलं म्हणून दिसला. तुमच्या ग्रुपवर दहावीतल्या मुलीला सरांची ओळख चुकलेली दिसली तर तिला ते म्हणता आलं पाहिजे. लक्षण सांगण्याची अट सरांनाही आहे आणि तिलाही, त्यामुळे तिचा मार्ग मोकळा होतो.

या बाबतीत दोन ठिकाणांकडून शिकण्यासारखं आहे. आय-नॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, मतभेद म्हणजे वाद नसतोच: तुम्हाला वेगळं वाटतं तर तुमची ओळख नोंदवा आणि पुढे चला. ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. कोणी कोणाला ‘तुम्ही चुकलात’ म्हणावं लागत नाही. ई-बर्डवर एखाद्या भागात, एखाद्या महिन्यात न बसणारी नोंद आपोआप वेगळी काढली जाते आणि स्वयंसेवक तपासनीस तुम्हाला पत्र पाठवतो. त्या पत्राचा मजकूर तयार असतो, आणि तो तुमच्यावर शंका घेत नाही. तुम्ही काय पाहिलं त्याचं वर्णन मागतो. तयार मजकुराचा हाच फायदा. तपासनीसाचा दिवस वाईट गेला असला तरी पत्राचा सूर बिघडत नाही.

तुम्हीही असा मजकूर तयार ठेवा. आमचा असा आहे: ‘फोटोबरोबर गाव, तारीख, वेळ, आकार (चिमणी / साळुंकी / कावळा / घार यांपैकी कोणाएवढा) आणि पक्षी काय करत होता ते लिहा. तुम्हाला स्वतःला काय वाटतं तेही लिहा, चुकलं तरी चालेल.’ शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. ‘हा कोणता गरुड?’ला उत्तर द्यायचा कंटाळा येतो. ‘मला तुऱ्याचा गरुड वाटतोय, पण डोकं लहान दिसतंय’ याला उत्तर द्यायला हात शिवशिवतात. माहिती न देता फोटो आला तर हा मजकूर पाठवायचं काम अ‍ॅडमिनचं, जाणकारांचं नाही. त्यांनी तोवर हातही लावायचा नाही.

दुसरं, उत्तरांच्या पाळ्या लावा. गप्प झालेल्यांना एकेकट्याने फोन करा आणि वर्षभराचं काहीही मागू नका. महिन्यातला एक आठवडा मागा, जोडीला दुसरा एक जण द्या. बाकीच्या आठवड्यांत त्यांनी ग्रुप उघडला नाही तरी कोणी नाव ठेवणार नाही, हे स्पष्ट सांगा. जाणकार थकतो तो उत्तरांनी कमी आणि ‘मी नाही सांगितलं तर कोणीतरी भलतंच सांगेल’ या धास्तीने जास्त. ती धास्ती गेली की पूर्वीसारखी नडगी आणि भुवई परत येते. ज्यांना फोन करायचा त्यांची यादी करताना एक गोष्ट बघा. पूर्वी कोणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं. २०२२ पासून त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. सदस्यांच्या यादीच्या तळाशी मागील ६० दिवसांत गेलेल्यांची नावं असतात. ती वाचा. कदाचित तुमच्या ग्रुपवरचे सर्वात चांगले दोघे तिथे सापडतील.

तिसरं, कामं वेगळी करा. फोटो टाकणाऱ्या माणसाला कधी कौतुक हवं असतं, कधी ओळख, कधी फोटो कसा सुधारेल ते. आपण भलतंच देतो आणि बिनसतं. कौतुकाच्या अपेक्षेने टाकलेल्या नवरंगाखाली ‘फोकस मागच्या फांदीवर आहे’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी झोंबतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीत तीन ग्रुप करा: ओळख, फोटो, भटकंती. ओळखीच्या ग्रुपवर आभार मानायचे ते अंगठ्याच्या खुणेने, नाहीतर चाळीस ‘धन्यवाद सर’मध्ये नडगीबद्दलची ती ओळ बुडून जाते. (सुप्रभातच्या संदेशांवर बंदी घालणार असाल तर जपून. आमच्या ग्रुपवरचं पहिलं मोठं भांडण पक्ष्यावरून झालंच नाही, ते यावरून झालं.)

आणि महिन्यातून एकदा तरी एकत्र बाहेर पडा. आम्ही थंडीत नांदूर मधमेश्वरला जातो. एकाच दुर्बिणीतून आलटून पालटून शेकाट्याचे लांबलचक गुलाबी पाय बघितलेली माणसं पुन्हा ग्रुपवर एकमेकांना ‘साहेब’ म्हणायला जरा कचरतात. सगळे येत नाहीत, आणि जे सर्वात जास्त भांडतात ते तर हमखास येत नाहीत. तरी करा.

कोणाला काढायचं, हा तुमचा प्रश्न. माझा हिशोब सोपा आहे: त्याच्या मेसेजनंतर कोण लिहायचं थांबलं ते बघा. काही माणसं तुसडी असतात पण त्यांच्या बोलण्यावर लोक लिहीत राहतात, उलट त्यांना चिडवतात. त्यांना राहू द्या. काही जण शब्दाने स्वच्छ असतात, पण ते बोलले की दोन दिवस शांतता पसरते. आधी फोन, मग ठरावीक दिवसांची रजा, मग निरोप.

कायद्याची धास्ती बाळगू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, जोवर त्याचा त्यात सामायिक हेतू दिसत नाही. तरी तसं काही आलं तर लगेच पुसा. न्यायालयाचा निकाल खिशात असणं आणि ठाण्यात तासभर बसावं न लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रुप बंद करू नका. नवा काढलात तर तेच चारशे जण तोच सूर घेऊन येतील, फक्त जुन्या नोंदी मागे राहतील. त्यापेक्षा जुना ग्रुप पंधरा दिवस ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ वर टाका, तेवढ्यात जाणकारांना फोन करा, पाळ्या ठरवा, मजकूर पिन करा, मग उघडा. त्या पंधरा दिवसांत आणखी एक काम उरका. आठ-दहा वर्षांच्या चॅटमध्ये तुमच्या तालुक्याच्या नोंदी विखुरल्या असतील: पहिला चातक कधी ऐकू आला, कोणत्या तलावावर चक्रवाक कधी उतरले. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि तारीख-ठिकाण धड असलेल्या नोंदी ज्याच्या त्याला ई-बर्डवर भरायला सांगा. तिथे जुन्या तारखांच्या नोंदीही घेतात. याहू ग्रुप्सचा साठा २०१९ अखेर काढून टाकायला सुरुवात झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद पडली, तेव्हा ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नव्हतं त्यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी गेल्या. नोंदी उतरवायचं हे काम सर्वात जास्त भांडणाऱ्या दोघांना मिळून द्या. जुन्या मेसेजांच्या तारखा त्यांनाच पाठ असतात.